सोबत माप जोडलेले नाही

माझी बायको मंजुषा गेली तीन जानेवारीला. पण तिच्या जाण्याने नक्की काय गेलं, हे आमच्या घराला कळलं चोवीस तारखेला सकाळी सव्वादहा वाजता, स्नेहल ब्लाऊज न्यायला आली तेव्हा.

स्नेहल आमच्या बी विंगमधली मुलगी. अठरा फेब्रुवारीला तिचं लग्न होतं. दारात उभी राहून बिचारी पाच मिनिटं नुसती चप्पलच काढत होती. शेवटी म्हणाली, "काका, आत्ता विचारू नये, पण माझं हळदीचं ब्लाऊज काकूंकडे आहे."

मी म्हटलं, "त्यात काय, आत्ता देतो."

आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर मंजुषाचा गाळा आहे. 'मंजुषा लेडीज टेलर्स'. द्वारका चौकातून चालत दहा मिनिटं. मी आणि माझी मुलगी दिशा स्नेहलला घेऊन खाली गेलो, शटर वर केलं, कपाट उघडलं. आत तेवीस गाठोडी. प्रत्येक चिंधीने बांधलेलं, आत शिवायचं कापड आणि बहुतेकांत एक जुनं ब्लाऊज. नाव मात्र एकावरही नाही.

पुरुष वाचकांसाठी थोडा खुलासा करतो, कारण मलाही तो साठाव्या वर्षी झाला. बायका ब्लाऊजचं माप टेपने देत नाहीत. अंगावर नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज नेऊन देतात आणि सांगतात, "असंच शिवा, फक्त बाही अर्धा इंच लांब." हे मापाचं ब्लाऊज. मंजुषा ते हातात घेऊन एकदा उलटसुलट करायची आणि कापडात गुंडाळून ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, "नाव का लिहीत नाहीस?" तर म्हणाली, "कशाला? ब्लाऊज बघितलं की बाई दिसते."

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. नाव, तारीख आणि सही नसलेला कागद मी टेबलावर टेकू दिला नाही. 'त्रुटी' हा शब्द मी इतक्यांदा लिहिला आहे की झोपेतही माझं अक्षर बदलणार नाही. आणि त्याच घरात एक बाई तेवीस बायका डोक्यात घेऊन फिरत होती. दोन्ही पद्धती एकोणतीस वर्षं सुखाने नांदल्या, कारण मी गाळ्यात कधी लक्ष घातलं नाही.

स्नेहलने आपलं पिवळं गाठोडं ओळखलं. उघडलं तर कापड कापलेलं, पण शिवलेलं नाही. एका बाहीवर खडूची रेघ होती. ती रेघ बघून स्नेहल रडायला लागली. ब्लाऊजसाठी नाही, मंजुषासाठी. कोणी रडायला लागलं की मी काहीतरी आश्वासन देतो, ती माझी जुनी खोड आहे. मी म्हटलं, "हळदीच्या आत तुझं ब्लाऊज मिळेल. माझा शब्द."

दिशा माझ्याकडे बघत राहिली. मला सुईत दोरा ओवता येत नाही, हे तिला माहीत होतं.

आता दिशाबद्दल. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने बँकेत अधिकारी व्हायचं, हे तिच्या आईने ती पाचवीत असताना ठरवलं होतं. हॉस्पिटलमध्येही मंजुषाने शुद्धीवर असताना मला शेवटचं तेच सांगितलं, "हिची मान माझ्यासारखी वाकायला नको. मशीनवर बसवू नका." मी हो म्हटलं. तो शब्द स्नेहलला दिलेल्या शब्दाच्या आधीचा होता, हे नोंदवून ठेवतो.

नव्या नियमाप्रमाणे दिशाला कुठेतरी एकशे वीस तास इंटर्नशिप करायची होती. एका बँकेत ठरलंही होतं. पण तिला हजर व्हायचं होतं चार जानेवारीला. चार जानेवारीला आम्ही गोदावरीवर होतो. बँकेने तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली. त्यांचीही चूक नाही. कॉलेजची मुदत पंधरा मार्च. तोपर्यंत प्रमाणपत्र दिलं नाही तर सेमिस्टर जाणार, आणि सेमिस्टर गेलं की बँकेची परीक्षाही वर्षभर पुढे.

सल्ले द्यायला सोसायटी होतीच. सेक्रेटरी बोरस्ते म्हणाले, "माझ्या साडूचं शोरूम आहे. सह्या घेऊन टाकू, जायची गरज नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणाल्या, "लोकांच्या दारात कशाला? घरचा गाळा आहे की! आईच्या दुकानात लेकीने शिकायचं नाही तर कुणी?"

दिशाला ते पटलं. म्हणजे तिचा हिशेब असा होता की शटर उघडं ठेवायचं, पंख्याखाली बसून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आणि कागदावर तास भरायचे.

इथे मी आडवा आलो. "खोटी हजेरी माझ्या घरात लागणार नाही," असं म्हणून मी त्याच दिवशी वही आणली, रेघा मारल्या, 'हजेरीपत्रक' असं शीर्षक दिलं. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, केलेलं काम. "काम लिहायचं तर काम करावं लागेल," मी म्हटलं.

नंतर मी पुष्कळ लोकांना दोष देऊन पाहिला. पण मुलीला मशीनवर बसवलं कुणी, तर मी. तेही लेखी.

आधी बाकीच्या बावीस गाठोड्यांचे मालक शोधायचे होते. मी सरकारी पद्धतीने गेलो. प्रत्येक मापाचं ब्लाऊज दोरीवर टांगून फोटो काढला, क्रमांक दिला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'जाहीर सूचना. खाली नमूद ब्लाऊजच्या मालकांनी ओळखीच्या पुराव्यासह सात दिवसांत दावा दाखल करावा. मुदतीनंतर तक्रार ऐकली जाणार नाही.'

सातव्या मिनिटाला बोरस्त्यांचा फोन. "निकमसाहेब, काय केलंत हे! ग्रुपवर दोनशे माणसं आहेत आणि माझ्या मिसेसचं नऊ नंबरला टांगलंय तुम्ही!"

"म्हणजे नऊ नंबर तुमचा. पुराव्याची झेरॉक्स घेऊन या."

"अहो, ती मला घरात घेत नाहीये!"

वरून वत्सलाबाईंचा आवाज आला. खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. "निकम! बारा नंबर माझा, पण आधी ते खाली उतरवा! या वयात माझी पाठ गावाने बघायची काय?"

दरम्यान ए विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी, न बघता, नेहमीच्या सवयीने प्रत्येक फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

मी घाईने सगळे फोटो काढून टाकले आणि तसं ग्रुपवर कळवलंही. पण काढले ते फक्त माझ्या फोनमधून. लोकांना ते दिसत होतेच, वर 'फोटो काढून टाकले आहेत' हा माझा संदेशही दिसत होता. शेवटी ॲडमिन म्हणून बोरस्त्यांना एकेक फोटो उघडून पुसावा लागला. मिसेस शेजारी उभ्या होत्या. ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

संध्याकाळी मला वाटलं आता गाळ्यावर मोर्चा येणार. बायका आल्या, पण एकेकट्या. पुरावा कुणी आणला नाही. आपलं ब्लाऊज उचलायच्या, छातीशी धरायच्या आणि बाकावर बसायच्या. मग बोलायच्या. एकीच्या ऑपरेशननंतर मंजुषाने तिची सगळी ब्लाऊजं आतून सैल करून दिली होती, कुणाला कळू न देता. एकीचा नवरा वारला तेव्हा मंजुषा महिनाभर रोज दुपारी तिला गाळ्यात बोलावून उगाचच काजं करायला द्यायची. वत्सलाबाई म्हणाल्या, "माझा एक खांदा खाली आहे. माझ्या नवऱ्याला पन्नास वर्षांत दिसलं नाही. तिला पहिल्या दिवशी दिसलं. बोलली नाही, नुसतं तसं शिवून दिलं."

मी चहा करत होतो. एकवीस बायकांचा चहा मी तीन दिवसांत केला. त्या बायकांचे मी आजही आभार मानतो. माझ्या घरी समाचाराला शेकडो लोक येऊन गेले होते, पण मंजुषाला भेटवलं ते या बायकांनी. जाताना बहुतेक जणी कापड परत ठेवून गेल्या. "राहू द्या. दिशा शिवेल." दिशाला सरळ शिलाई आणि साडीचा फॉल एवढंच येत होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं की त्या कप माझ्या हातात द्यायच्या.

एक गाठोडं तेवढं उरलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'क्रमांक १७. पोपटी कापड, जांभळा काठ. कापलेले. सोबत माप जोडलेले नाही. दावेदार नाही.' सोसायटीच्या फलकावर एक स्मरणपत्र लावलं, या वेळी फोटोशिवाय.

आता कॉलेज. तिथल्या बाईंनी सांगितलं की मार्गदर्शक अधिकारी रक्ताच्या नात्यातला चालणार नाही, आणि प्रमाणपत्रावर शिक्का हवा. दुसऱ्या दिवशी मी मंजुषाच्या पावतीपुस्तकाचा शिक्का मारून पत्र नेलं. खिडकीतल्या क्लार्कने ते हातभर लांब धरलं. "काका, हा चौकोनी आहे. गोल लागतो."

"कुठल्या नियमाने?"

"पहिल्यापासून गोलच लागतो."

मी पत्र परत घेतलं. हे उत्तर मी चौतीस वर्षं दिलं होतं. इतकं चांगलं उत्तर आहे की त्याला उत्तर नाही. त्या दिवशी स्कूटरवरून शिक्केवाल्याकडे जाताना द्वारकेच्या चौकात मी पंचवीस मिनिटं अडकलो, आणि त्या पंचवीस मिनिटांत मला माझ्या खिडकीसमोरून परत गेलेले बरेच शेतकरी चेहऱ्यानिशी आठवले.

मार्गदर्शक मिळाली ती यशोदाबाई. ती मंजुषाकडे बारा वर्षं हुक, काजं आणि हातशिलाई करायची. मूळची चांदवडची. लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली होती, ती फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी परत आली. कपाटाशी उभी राहिली, पदर तोंडाला लावला, मग डोळे पुसून म्हणाली, "किती कामं राहिलीत?"

मी तिला कॉलेजचा कागद समजावून सांगितला.

"म्हंजे मी दिशीची साहेब?"

"हो."

"आन् तुमची?"

"माझी कशी? मी मालक आहे."

"मालक वहिनी होत्या," ती म्हणाली. "तुम्ही हुक लावा. साहेब झाल्यावर मी हुक लावू काय?"

तर अशा रीतीने मी निवृत्तीनंतर नोकरीला लागलो.

यशोदाबाईने कात्री कधी हातात धरली नव्हती, पण बारा वर्षं बघितली होती. दिशाला कात्री धरता येत होती, पण बघितलं काहीच नव्हतं. दोघींचा मिळून एक शिंपी होत होता. यशोदाबाई मागून बोलायची, "काखेचा मुंढा गोल घे. आणखी. वहिनी तिथं श्वास धरायच्या." दिशा श्वास धरायची. मीही धरायचो, वास्तविक माझा संबंध नव्हता.

स्नेहलचं ब्लाऊज तीनदा शिवलं आणि तीनदा उसवलं. पहिल्यांदा पाठीत चुणी पडली, दुसऱ्यांदा बाही उलटी बसली, तिसऱ्यांदा गळा खांद्यावरून उतरला. तिसऱ्यांदा दिशाने ते टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "बाबा, मला नाही येत. मी बँकेत जाणारे, मला कशाला हे?" मला खरं तर बरं वाटलं. मंजुषाला दिलेला शब्द शाबूत होता. पण दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रकात बघितलं तर येण्याची वेळ नवाऐवजी सात. अभ्यासाची पुस्तकं मशीनखाली होती, पाय ठेवायला.

चौथ्यांदा ब्लाऊज बसलं. सतरा तारखेला सकाळी हळद. आदल्या संध्याकाळी मी सगळी बुद्धी पणाला लावून हुक लावले आणि ब्लाऊज स्वतः नेऊन दिलं. सकाळी साडेआठला स्नेहलचा फोन.

"काका, हे बंद कसं करायचं?"

"हुक लाव."

"कशात लावू? दोन्ही बाजूंना हुकच आहेत."

मी बघितलं नव्हतं की एका बाजूला हुक असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याला अडकायला दोऱ्याचं काज लागतं. मी एकूण बारा हुक लावले होते, सहा इकडे, सहा तिकडे, समोरासमोर, अगदी सरळ रेषेत.

यशोदाबाई माझ्या स्कूटरवर मागे बसली. तोंडात सुई, म्हणून रस्ताभर बोलू शकली नाही. हा माझा त्या सकाळचा एकमेव फायदा. दिशा रिक्षाने आली. लॉन्सवर वऱ्हाड जमलेलं, वाजंत्री सुरू, आणि आत खोलीत नवरी सेफ्टीपिनांवर उभी. यशोदाबाईने सहा हुक उसवून सहा काजं अकरा मिनिटांत केली. मी दाराबाहेर उभा. नवरीच्या मावशीने मला विचारलं, "आपण?" मी म्हटलं, "हुक." त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

मग हळद लागली. स्नेहलने दोन्ही हात वर केले, बायकांनी दंडाला हळद लावली, ती हसली, वळली. सगळे नवरीकडे बघत होते. दिशा फक्त तिच्या काखेकडे बघत होती. हात पूर्ण वर गेला तरी कापड ओढलं नाही. दिशाने धरलेला श्वास सोडला. हा चेहरा मी तिच्या दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मला जेवायला बोलावलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तास पूर्ण झाले. यशोदाबाईने गुणपत्रक भरायला घेतलं. मी वाचून दाखवत होतो.

"वक्तशीरपणा, दहापैकी."

"आठ."

"संवादकौशल्य. म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं."

"तीन."

"तीन? यशोदाबाई, सगळे नऊ नऊ देतात!"

"देऊ द्या. ही गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकती. आरशासमोर काय लपवतं ते अजून हिला दिसत नाय."

मी चौतीस वर्षांत कुणाची शिफारस ऐकली नाही. त्या दुपारी मी यशोदाबाईकडे दोन गुणांसाठी पाऊण तास गयावया केली. ती बधली नाही. एकूण शंभरपैकी एकसष्ट. खाली सही, त्यावर गोल शिक्का. कॉलेजच्या बाई म्हणाल्या की यंदा आलेल्या प्रमाणपत्रांत हे एकच खरं वाटतंय.

प्रमाणपत्र जमा झालं त्या दिवशी दिशाने सांगितलं, "बाबा, मी बँकेचा फॉर्म भरत नाहीये. पॅटर्न कटिंगचा डिप्लोमा आहे दोन वर्षांचा, त्याचा भरतेय. गाळा बंद करायचा नाही."

मी सगळं बोललो. हॉस्पिटल, आईचा शब्द, मान. आवाज थोडा चढला असेल. दिशा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "खाली चला."

गाळ्यात गेलो. तिने कापायच्या टेबलाकडे बोट केलं. चारही पायांखाली दोन दोन विटा होत्या. मी महिनाभर तिथे हुक लावत बसलो होतो, मला दिसल्या नव्हत्या.

"चौथ्या दिवशीच लावल्या," ती म्हणाली. "हे टेबल बुटकं आहे बाबा. आई एकोणीस वर्षं यावर वाकून कापत होती. मान कामाने नाही वाकली. टेबलाने वाकली."

ते टेबल मी आणलं होतं. ऑफिसातलं बाद सामान लिलावात निघालं तेव्हा स्वस्तात मिळालं म्हणून. फार खूश होऊन आणलं होतं. मंजुषा कधी काही बोलली नाही.

रागावलेल्या माणसाने हाताला काम द्यावं म्हणून मी रजिस्टर उघडलं. एकच नोंद प्रलंबित होती. सतरा नंबरची दोन स्मरणपत्रं होऊन गेली होती. मी तिसरं लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "अन्यथा सदर कापडाची विल्हेवाट लावण्यात येईल."

यशोदाबाईने हातातलं काम खाली ठेवलं. "भाऊ, नका हो लावू ते."

"का? कुणी आलं नाही. सोबत मापसुद्धा जोडलेलं नाही."

"माप कशाला ठेवतील?" ती म्हणाली. "वहिनींचं स्वतःचं हाय ते. स्नेहलच्या लग्नात घालायचं म्हणून कापून ठेवलेलं."

मी दिशाकडे बघितलं. तिला माहीत होतं. "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "तुमच्या निवृत्तीला घेतलेल्या साडीवरचं आहे. तुम्ही फलकावर स्मरणपत्र लावलंत, मला सांगायचा धीर झाला नाही."

येवल्याची साडी. ती घेतली मी, म्हणजे मी दुकानाबाहेर चपला सांभाळत उभा होतो. रंग मी तेव्हाही बघितला नव्हता. एकवीस बायकांकडे ओळखीचा पुरावा मागणारा मी. माझ्या बायकोचं ब्लाऊज मला ओळखता आलं नाही, आणि मी त्यावर त्रुटी काढली.

मग दिशाने ते गाठोडं सोडलं. "कापलेलं आईनेच आहे. मला फक्त जोडायचंय. जोडू?"

मी मान हलवली. तिने उंच केलेल्या टेबलाशी उभं राहून तुकडे मांडले, ताठ मानेने. मी चष्मा पुसला आणि डिप्लोमाच्या अर्जावर पालकाची सही केली. तारीखही घातली.

या सगळ्याला आता चार महिने झाले. दिशाचा प्रवेश झाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी गाळा. गाठोड्यांवर आता नावं असतात, कारण ती माझ्या अखत्यारीत येतात. यशोदाबाई दिशाला संवादकौशल्यात आता तीनऐवजी पाच गुण देते. बोरस्ते पुन्हा बोलायला लागले. ज्यांनी ज्यांनी आमच्याकडे त्या दिवसांत कापड परत मागितलं नाही, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

सतरा नंबरचं ब्लाऊज शिवून झालं आहे. एका बाजूची सहा काजंही मी केली आहेत, सरळ आली आहेत. दुसऱ्या बाजूचे सहा हुक अजून लावायचे राहिले आहेत.